संघटनेची खूण अंगावर घालायची आहे: बिल्ला, फीत, बांगडी की आणखी काही?

मैत्रीण_बेळगाव
नमस्कार मंडळी. आमच्या महिला हक्क गटासाठी अंगावर घालता येईल अशी एक खूण ठरवायची आहे. सभासद साधारण ४००. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातल्या. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषा बोलणाऱ्या. विड्या वळणाऱ्या, शेतमजूर, धुणीभांडी करणाऱ्या, शिक्षिका आणि दोन वकील. काम मुख्यतः घरगुती हिंसा, पोटगी आणि बुडवलेली मजुरी यांवर. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे महिलांवरील हिंसेविरोधी मोहिमेचे सोळा दिवस ती घालायची, मग ८ मार्चला आणि एरवी बैठकांना. खर्च नगाला २० रुपयांच्या आत.
आतापर्यंत आलेल्या सूचना: छापील बिल्ला, सॅटिनची फीत, हिरव्या बांगड्या, लाल-पांढऱ्या मण्यांचा सर, खणाचं फूल. "छान कल्पना" एवढंच लिहू नका, कशात काय बिघडतं ते सांगा.

कुंदाप्रेमी
कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा वाटा. खूण पोटात राहते आणि कुणी आक्षेप घेत नाही.

बटणवाला
बिल्ल्यापासून सुरू करतो. बाजारात सर्रास मिळतो तो ५८ मिलिमीटरचा गोल. त्यासाठी कागद साधारण ७० मिलिमीटरचा कापावा लागतो, कारण कडेचा ६ मिलिमीटर मागे वळतो. लोक ५८ च्या वर्तुळात अक्षरं कडेपर्यंत नेतात आणि मग निम्मं नाव कडेवर दुमडलेलं दिसतं. मजकूर मधल्या ५० मिलिमीटरमध्येच ठेवा. ए-फोर कागदावर समास सोडून आठ बसतात, म्हणजे ४०० ला ५० कागद. कागद ९० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). जाड आर्ट पेपर घेतला की यंत्रात पत्रा आणि कड नीट बसत नाही, फिल्म सुटते. इंकजेटवर छापाल तर फिल्मखाली ओल शिरली की रंग पसरतो. लेझर प्रिंट घ्या.
धातूचा मिनाकारी बिल्ला सुचवणारे येतीलच. त्याला आधी साचा लागतो आणि साच्याचा खर्च शंभर नगांवर पडला काय न् पाचशेवर काय, तेवढाच. ४०० साठी २० रुपयांत ते बसवणं अवघड आहे. शिवाय मागची फुलपाखरी चाप साडीवर टिकत नाही. सभा संपेपर्यंत निम्म्या खाली.

खानापुरी
हे सगळं खरं, पण आमच्या हिकडं पाऊस सुरू झाला की चार म्हैने काय पण वाळत नाही ओ. त्या बिल्ल्याची मागची पिन गंजते आणि पोलक्यावर तांबडा डाग पडतो. निघत नाही मागनं.

सुईदोरा
+१ खानापुरी. गंजापेक्षा वाईट म्हणजे पिनेचं वेटोळं. सेफ्टी पिनेच्या बुडाशी जी तार वळलेली असते, तिच्यात रेशमी धागा अडकतो आणि पदर ओढला की सुरकुती पडते. इरकल, शहापुरी अशा साड्यांना कुणी दुसऱ्यांदा पिन लावणार नाही. उपाय सोपा: पिनेत आधी एक छोटा मणी ओवायचा आणि तो वेटोळ्यापर्यंत सरकवायचा. मग कापड तिथवर जात नाही.

सीमेपलीकडची
मण्यावरून आठवलं, म्हणून घाईने लिहिते. मूळ पोस्टमधला लाल-पांढऱ्या मण्यांचा सर अजिबात नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुलगी सोडताना गळ्यात बांधतात तेच हे मणी. कर्नाटकात १९८२ चा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा त्याच्याच विरोधात झाला. पुण्यामुंबईच्या बाईला तो सर "एथनिक" दिसेल. निपाणी-चिक्कोडीच्या बाईला तो कशासाठी बांधतात ते माहीत आहे. कवड्यांचंही तेच, जोगतिणीच्या गळ्यातली माळ कवड्यांची. तुमच्या ४०० मध्ये या प्रथेतून बाहेर पडलेल्या बायका असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना परत मणी घाला म्हणणार?

मैत्रीण_बेळगाव
@सीमेपलीकडची, मण्यांची सूचना शहरातूनच आली होती. यादीतून काढला.

निपाणीकर
बांगड्या पण काढा. हिरवा चुडा सवाष्णीचा. विधवांचं काय, परित्यक्तांचं काय? आणि तारखा बघा. सौंदत्तीला मार्गशीर्ष पौर्णिमेला रांडाव पुनव पाळतात, देवी विधवा झाली म्हणून चुडे फोडतात. ही पौर्णिमा बहुतेक वेळा डिसेंबरात येते, म्हणजे तुमच्या सोळा दिवसांच्या अगदी आसपास. एकीकडे चुडे फुटताहेत आणि तुम्ही वाटताय. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, तो उगाच नाही.

जोंधळ्याची_भाकरी
थोडा विरोध. हेरवाडचा अर्थ असाही होतो की विधवेनेही बांगडी घालावी. मग सगळ्यांनी हिरव्या घातल्या तर तेच विधान होईल की.

निपाणीकर
विधान होईल, पण किंमत कोण मोजणार? ज्या विधवेच्या घरात सासू-दीर आहेत ती. गटाच्या खुणेने आधी तिच्यावरच भांडण ओढवू नये. शिवाय काचेची बांगडी विड्या वळताना आणि ऊस तोडताना अडचणच. मनगटावरची कुठलीही गोष्ट तंबाखूच्या भुकटीने आठवड्यात काळी पडते.

कुंदाप्रेमी
मणी गेले, बांगड्या गेल्या, बिल्ला गंजला. मी अजून कुंद्यावर ठाम आहे.

गावठी_वकील
चिन्हाबद्दल. तुम्ही काढाल ते चित्र कुठल्या ना कुठल्या पक्षाचं निघेल, म्हणून आधीच तपासा. थांबा म्हणणारा पंजा काँग्रेसचा. कमळ भाजपचं. मशाल २०२२ पासून ठाकरे गटाच्या शिवसेनेची, आणि सीमेवर ती लगेच ओळखली जाते. कष्टकरी बाई दाखवायची म्हणून डोक्यावर भाताची पेंढी घेतलेली बाई काढाल, तर ते जनता दल सेक्युलरचं चिन्ह. जोंधळ्याचं कणीस आणि विळा म्हणाल तर भाकप. निवडणुकीच्या आचारसंहितेत असली खूण लावून शाळेत किंवा कचेरीत गेलात तर तुमच्या शिक्षिकांच्या नोकरीवर यायला वेळ लागत नाही.

जोंधळ्याची_भाकरी
नुसतं कणीस, विळ्याशिवाय?

खानापुरी
आमच्यात भात पिकतो ओ, जोंधळा तुमच्या अथणीत. आमच्या बायका कणीस कशाला लावतील?

जोंधळ्याची_भाकरी
आता धान्यावरूनही सीमाप्रश्न.

सीमेपलीकडची
रंगावर कुणी बोललंच नाही. बेळगावात रंग हीच खरी पंचाईत आहे. एकेक बघू.
पिवळा-तांबडा एकत्र आला की कन्नड ध्वज. भगवा म्हटलं की महाराष्ट्र एकीकरण समिती. काळा तर नकोच: १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि त्याच दिवशी मराठी लोकांचा काळा दिन, त्याला महिना उलटत नाही तोवर तुमचे सोळा दिवस सुरू. हिरवी शाल रयत संघाच्या शेतकऱ्यांची. निळा आंबेडकरी चळवळीचा, तो घेणं वाईट नाही, पण मग गट त्याच चळवळीचा भाग मानला जाईल; ते हवं असेल तर जाणूनबुजून घ्या. गुलाबी म्हणजे आशा ताईंची साडी, लोक बीपी मोजायला हात पुढे करतील. पांढरा विधवेचा आणि मळतो. संयुक्त राष्ट्रांच्या या सोळा दिवसांच्या मोहिमेचा रंग नारिंगी आहे, पण तो बेळगावात दहा पावलांवरून भगवाच दिसतो.
उरतो जांभळा. तो इथं अजून कुणाच्या मालकीचा नाही.

इतिहासाचं_पान
आणि बायकांच्या चळवळीत त्याची परंपरा आहे. ब्रिटनमधल्या मताधिकारवाल्या डब्ल्यूएसपीयू संघटनेने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग घेतले. निवड एमेलिन पेथिक-लॉरेन्सची: जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा शुद्धतेचा, हिरवा आशेचा. सगळ्यांना परवडतील अशा फिती आणि बिल्ल्यांमधूनच ते रंग पसरले. तुरुंगात जाऊन आलेल्या बायकांसाठी वेगळा, होलोवे तुरुंगाच्या नावाचा होलोवे ब्रोच होता, सिल्व्हिया पँकहर्स्टने १९०९ मध्ये आखलेला: ब्रिटिश संसदेची खूण असलेल्या जाळीच्या फाटकावर कैद्यांच्या कपड्यावरचा बाण. म्हणजे ज्या खुणेने कैदी म्हणून हिणवलं, तीच छातीवर.
दुसरं उदाहरण जास्त कामाचं: अर्जेंटिनातल्या प्लाझा द मायोच्या मातांनी १९७७ पासून डोक्याला पांढरा रुमाल बांधला, आणि गर्भपाताच्या हक्काच्या चळवळीने २००३ पासून हिरवा तिकोनी रुमाल घेतला. रुमाल गळ्यात, मनगटाला, पिशवीला कुठंही बांधता येतो, नको तेव्हा घडी करून ठेवता येतो. पिनच लागत नाही.

मैत्रीण_बेळगाव
रुमाल आवडला. पण ४०० रुमाल शिवून २० रुपयांत?

सुईदोरा
कापड आणि कडेची शिलाई धरून अवघड. आणि मापाचा प्रश्न वेगळाच: गळ्यात बांधायचा तर तिकोनाची लांब बाजू निदान ७० सेंटिमीटर लागते, त्याहून लहान असेल तर फक्त पिशवीलाच.
सॅटिनच्या फितीचंही सांगून टाकते, कारण शेवटी तोच पर्याय "सोपा" म्हणून निवडला जातो. अर्धा इंच रुंद फीत, १५ सेंटिमीटरचा तुकडा, वरून एकतृतीयांशावर फास करून दोन्ही टोकं खाली. ४०० ला ६० मीटर, वायासाठी ६६ धरा. टोकं मेणबत्तीवर झटकन फिरवून वितळवायची. ज्योतीत धरली तर काळी होतात, लांबून फिरवली तर चिकटत नाहीत. सगळं नीट केलं तरी सॅटिन दोन धुण्यांत लोळागोळा. एका दिवसाच्या मोर्च्याला ठीक, तुमच्या वापराला नाही.

गावठी_वकील
मजकुराबद्दल राहिलं. तीन भाषांत नाव लिहिलंत तर आधी वाद होईल कोणती वर. लिहूच नका. १८१ हेल्पलाइनचा नंबर टाकायची सूचना येईल, ११२ चीही. नंबर उपयोगाचे आहेतच, पण खुणेवर नकोत. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला तो आकडा दिसला की बाईची चौकशी सुरू. खूण अशी हवी की घरच्यांना नुसती शोभेची वाटावी आणि गटातल्यांना कळावी. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर द्या, पाकिटात मावेल एवढ्या. आणि जिची केस चालू आहे तिला खूण लावण्याची सक्ती कधीच नको.

निपाणीकर
हे सगळ्यात महत्त्वाचं. बाकीचे आपण रंगांवर भांडत बसलोय.

कुंदाप्रेमी
रंगांवर भांडणं हा बेळगावचा जन्मसिद्ध हक्क आहे, तो काढून घेऊ नका.

सुईदोरा
मग आता माझी सूचना, वरच्या सगळ्या अटी धरून. कसूती भरतकामातल्या मुरगी टाक्याच्या पायऱ्या.
कसूती सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीची, इरकलवर भरलेली बघितलेली. मात्र तिचे नेहमीचे आकार टाळा. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी हे सगळे देवळाकडे जातात, आणि गटात मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत बायका आहेत. मुरगी म्हणजे नुसती पायऱ्यांसारखी चढती रेघ. पक्ष नाही, देव नाही, जात नाही, पीक नाही. आणि मुरगी, गवंती हे दोन टाके पुढून-मागून सारखे दिसतात. म्हणून कापडाची पट्टी लोंबती ठेवली आणि वाऱ्याने उलटली तरी काही बिघडत नाही.
करायचं असं. मॅटीचं कापड घ्या, इंचाला ११ घरांचं, जांभळं. दोरा मोतिया रंगाचा, सहा पदरी लडीतले दोन पदर. तुकडा ५ बाय ८ सेंटिमीटर. दोन्ही उभ्या कडा एकेक सेंटिमीटर दुमडल्या की रुंदी ३ उरते. वर दीड सेंटिमीटर पिनेसाठी दुमडायचं, खाली दीड सेंटिमीटरच्या दशा, मधे ५ सेंटिमीटर उघडं. तेवढ्यात १३ आडवी आणि २१ उभी घरं मिळतात. खालच्या डाव्या बाजूने सुरुवात: एक घर उजवीकडे, एक घर वर, असं नऊ वेळा. एक जिना झाला, १८ टाके. चार-चार घरं सोडून त्याच्याच वर आणखी दोन. कडेला दोन घरं मोकळी राहतात.

सुईदोरा
(मोठं झालं म्हणून वेगळं.) गाठ मारायची नाही, गाठ मारली की मागची बाजू फुकट. ३ सेंटिमीटर शेपूट सोडून सुरू करा, जाताना एक आड एक टाका भरत जा, परतताना मोकळ्या जागा भरा आणि शेपूट त्याच टाक्यांत अडकवा. चूक बहुतेक वळणावर होते. जाताना एक घर जास्त मोजलं तर परतीचा टाका त्या भोकात येत नाही आणि जिना तुटलेला दिसतो. अशा वेळी पुढे रेटू नका, उसवा. दुसरी चूक दोरा ओढण्याची. मॅटी मऊ असते, घट्ट ओढलं की घरं आवळून पट्टी बाकदार होते.
दशा सोडण्याआधी त्यांच्या वर एक शिवण घाला, नाहीतर धागे सुटत थेट पहिल्या जिन्यापर्यंत येतात.

बटणवाला
हिशेब करतो. ११० सेंटिमीटर पन्ह्यात ५ चे २२ तुकडे. ४०० ला १९ ओळी, प्रत्येकी ८, म्हणजे १५२ सेंटिमीटर. दोन मीटर घ्या. दोरा?

सुईदोरा
शेपटांसकट नगाला अर्धा मीटर. ८ मीटरच्या लडीतून दोन पदरांचा २४ मीटर निघतो, म्हणजे ४८ नग. नऊ लड्या पुरतील, दहा घ्या आणि सगळ्या एकाच वेळी. मोतिया रंगातही लॉट बदलला की छटा बदलते. सरावलेल्या हाताला नगाला २५ मिनिटं. ४०० म्हणजे १६६ तासांच्या आसपास; वीस जणी असतील तर प्रत्येकी आठ-साडेआठ तास. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही.

जोंधळ्याची_भाकरी
जांभळंच कापड का? मोतिया मॅटी कुठंही मिळते, त्यावर जांभळा दोरा भरा. जांभळी शोधत गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतील.

निपाणीकर
मोतिया पट्टी विडी कारखान्यात एक दिवस टिकेल. जांभळ्यावर तंबाखूचा डाग दिसत नाही.

सीमेपलीकडची
शिवाय काळ्या बुरख्यावर जांभळा दोरा दिसतच नाही, मोतिया पायऱ्या लांबून दिसतात. आणि बुरख्याला पिनेचं भोक नको म्हणून कुणी चुंबक सुचवेल, तर निओडिमियमचं चुंबक पेसमेकर असलेल्या बाईने छातीवर लावायचं नाही, हे वाटतानाच सांगावं लागतं. त्यापेक्षा पट्टी पर्सच्या बंदाला लावू द्या.

खानापुरी
अंगावर पाजणाऱ्या बायकांना पण छातीवर पिन नको. पिशवीला, नाहीतर खांद्यावर पदराच्या घड्यांत. तिथं तीन-चार पदर असतात, कापड फाटत नाही.

गावठी_वकील
एक शंका: पायऱ्यांचा अर्थ कुणी विचारला तर गट काय सांगणार? कचेरीच्या, कोर्टाच्या, ठाण्याच्या?

मैत्रीण_बेळगाव
जिची जी असेल ती. आमच्यातल्या एकीने आजच सांगितलं, कोर्टाच्या पायऱ्या चढून पाय दुखले, आता छातीवर पण चढवा.

कुंदाप्रेमी
🙏 या बाईंना माझ्या वाटचा कुंदा.

इतिहासाचं_पान
होलोवे ब्रोचच्याच वळणावर गेलं की हे.

मैत्रीण_बेळगाव
मूळ प्रश्नाकडे येते. बैठकीत ठरलं: जांभळी मॅटी, मोतिया मुरगी, तीन जिने, अक्षर नाही, आकडा नाही. आधी १२ नमुने करणार. चार निपाणीच्या विडी कामगारांकडे, तीन खानापुरात भातकापणीला, दोन बुरख्यावर, दोन शिक्षिकांकडे, एक फक्त धुण्यासाठी. दोन आठवडे वापरून मग ४०० चं कापड घेऊ. खणाचं फूल राहिलंच, पण खणाची कड कापली की सुटते आणि आतून अस्तर लावलं तर खर्च वाढतो, म्हणून सोडलं. एकच विचारायचं: पिनेतला मणी कोणता?

सुईदोरा
लाकडी किंवा पारदर्शक, ३ मिलिमीटरचा. लाल आणि पांढरा सोडून कुठलाही, हे आता सांगायला नको. पिन स्टीलची, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. स्वस्तातली चकचकीत मुलामा दिलेली घेऊ नका, तिच्यातल्या निकेलने काहींना खाज येते आणि गंजते तीच.

खानापुरी
आणि जांभळा सुटतोय काय बघितलीस काय गे? कोमट पाण्यात साबण घाल, कापडाचा तुकडा नि वर मोतिया दोरा गुंडाळून वीस मिनिटं बुडव. दोरा जांभळट झाला की ते कापड परत दे. दोन मीटर कापून आणल्यावर दुकानदार परत घेत नाही, म्हणून आदी वीतभरच आण.